अभिनयासाठी प्रमाणपत्र

'पाणी' हा चित्रपट लोहा तालुक्यातल्या नागदरवाडीचा आहे. नांदेड जिल्ह्यातल्या या गावात पाणी आणण्यासाठी झटलेल्या हनुमंत केंद्रे यांच्यावर तो बेतलेला आहे. दिग्दर्शक आदिनाथ कोठारे. नितीन दीक्षित यांच्या जोडीने पटकथाही त्यांचीच. पडद्यावरचे केंद्रेही तेच. ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरण संवर्धनाच्या विभागात तो सर्वोत्कृष्ट ठरला. चित्रपटगृहांत यायला मात्र १८ ऑक्टोबर २०२४ उजाडला. मधली पाच वर्षे करोनाच्या खाती टाकायची की बाजाराच्या, ते ज्याने त्याने ठरवावे.

चित्रपटाचे कौतुक झाले. व्हायलाच हवे होते. त्या कौतुकात एक शब्दप्रयोग मात्र फार सहज फिरला. 'बालकलाकार ते दिग्दर्शक.' जणू एका टोकाला मूल ठेवले की दुसऱ्या टोकाला यथावकाश दिग्दर्शक निघतो. मधे काय घडते, हे कोणी विचारत नाही. आम्हाला त्या मधल्या भागातच रस आहे. कारण गोष्ट नांदेडची आहे आणि सांगणारा मुंबईचा.

आधी आदिनाथ यांच्या पायऱ्या पाहू. १९९४, 'माझा छकुला'. दिग्दर्शक वडील, महेश कोठारे. २०१०, 'वेड लावी जीवा'. नायक म्हणून पदार्पण, दिग्दर्शक वडील. २०१३, 'झपाटलेला २'. दिग्दर्शक पुन्हा वडीलच. यावर घराणेशाहीचा शिक्का मारणे सोपे आहे. पण त्याने फारसे काही कळत नाही. घराने जे दिले ते घेऊन या माणसाने घरचा चित्रपट केला नाही. 'पाणी'त 'झपाटलेला २'सारखा बोलका बाहुला नाही. गुंडांची टोळी नाही. पैसा उभा करणाऱ्यांत प्रियांका चोप्रा यांची कंपनी होती. विषय निवडला तो असा, की ज्याच्याशी वडिलांच्या चित्रपटांचे दूरचेही नाते नाही. आणि तो निभावला. दिल्लीच्या यादीत चित्रपट पर्यावरणाच्या कप्प्यात बसला. प्रत्यक्षात त्यातला पेच लग्नाचा आहे. ज्या गावात पाणी नाही तिथे मुलगी द्यायला कोण तयार होईल? मराठवाड्यात दुष्काळ म्हणजे काय, हे आकडेवारीपेक्षा सोयरिकीच्या बैठकीत लवकर समजते. मुंबईत वाढलेल्या माणसाने हे ओळखले. त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

मग नांदेडच्या एखाद्या पोराने हे का सांगितले नाही?

गुणवत्ता कमी पडली, हे उत्तर कोणी उघडपणे देणार नाही. पण मनातल्या मनात अनेकजण तेच देतात. म्हणून जरा मागे जाऊ. १९६३ साली दोन मुले मराठी पडद्यावर आली. 'हा माझा मार्ग एकला'मधून सचिन पिळगावकर आणि 'छोटा जवान'मधून महेश कोठारे. पुढे दोघांनी हिंदीत कामे केली. महेश यांची 'राजा और रंक'मधली १९६८ ची दुहेरी भूमिका जुन्या प्रेक्षकांना अजून आठवते. सचिन तर बालकलाकार म्हणून वर्षानुवर्षे राबत होते. दोघेही ऐंशीच्या दशकात दिग्दर्शक झाले. सचिन 'माय बाप' करून १९८२ मध्ये, महेश 'धूमधडाका' करून १९८५ मध्ये. त्या दशकातली मराठी करमणूक मोठ्या प्रमाणावर या दोघांनी पेलली. ती आवडो न आवडो, चित्रपट कसा बांधायचा हे दोघांना ठाऊक होते.

हे ठाऊक कुठून झाले? अभिनयातून नक्कीच नाही. संवाद पाठ करणारे मूल आणि प्रसंग रचणारा माणूस यांत फार अंतर असते. ते अंतर कापले गेले ते सेटवर घालवलेल्या रिकाम्या वेळात. आपला शॉट नसताना कॅमेऱ्याच्या मागे उभे राहायचे. दिवा का हलवला, हे पाहायचे. तोच प्रसंग दुसऱ्या बाजूने का घेतला, हे विचारायचे. मोठी माणसे खुशीत असली तर उत्तरही मिळते. 'शोले'तल्या आगगाडीच्या प्रसंगाचे चित्रण दुसऱ्या तुकडीकडे होते. रमेश सिप्पी यांच्या वतीने तिथे लक्ष ठेवायला आपल्याला आणि अमजद खान यांना सांगितले होते, असे सचिन यांनी स्वतः सांगितले आहे. तेव्हा त्यांचे वय सतराच्या आसपास असेल. सतराव्या वर्षी एवढ्या मोठ्या चित्रपटात कोणी तुम्हाला 'जरा बघ' म्हणत असेल, तर चित्रपटाच्या शाळेत निराळे नाव घालण्याची गरज उरत नाही.

घरेही पाहा. सचिन यांचे वडील शरद पिळगावकर निर्माते झाले. महेश यांचे वडील अंबर कोठारे रंगभूमीवरचे. आदिनाथ यांच्याबद्दल तर सांगायलाच नको. तिघांच्याही घरी जेवताना चित्रपट-नाटकांविषयी बोलले जात असणार. सेट घरापासून लोकलच्या अंतरावर. नांदेडच्या मुलाला हीच गोष्ट देवगिरी एक्सप्रेसमध्ये एक रात्र काढून करावी लागेल. तीही सुट्टी असेल तर, आणि मुंबईत कोणाच्या घरी पथारी टाकता येत असेल तर. हे अंतर खरे आहे. पण सगळा दोष रुळांवर टाकायचा नाही. एक दोष आपल्या हद्दीतला आहे, आणि तो दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येतो.

नांदेड आणि लातूर या शहरांना बालकलाकारांची टंचाई कधीच नव्हती. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा या शहरांच्या केंद्रांवर होत आली आहे. शाळा येतात, संस्था येतात. तालुक्यांतून गाड्या भरून मुले येतात. सभागृहात आई-बाप, आजी-आजोबा, वर्गशिक्षक. आतल्या खोलीत पावडरचा धूर. विंगेत 'सर, माझी एंट्री कधी?' प्रयोग होतात, बरे होतात, कधी फार चांगले होतात. मग निकालाची बातमी येते.

ती बातमी एकदा नीट वाचा. आधी पहिले, दुसरे, तिसरे नाटक. नंतर दिग्दर्शन. प्रकाशयोजना. नेपथ्य. रंगभूषा. आणि सर्वांत शेवटी उत्कृष्ट अभिनयाचे रौप्यपदक, एक मुलगा, एक मुलगी. त्याखाली अभिनयासाठी गुणवत्ता प्रमाणपत्रे, मुलामुलींच्या नावांची लांबलचक रांग.

दिग्दर्शनाच्या रकान्यात शिक्षकांचे किंवा संस्थाचालकांचे नाव असते. नाटक लिहिणारेही मोठेच. दिवे मोठ्यांचे, नेपथ्य मोठ्यांचे. मुलांच्या नाटकात मुलांच्या वाट्याला एकच रकाना येतो. त्यांनी दिसायचे आणि बोलायचे. काय बोलायचे, कुठे उभे राहून बोलायचे, अंधार केव्हा करायचा, हे मोठ्यांनी ठरवायचे. वर्षानुवर्षे ही यादी अशीच छापली जाते. त्यात काही खटकत नाही, हेच आम्हाला खटकते.

शिक्षकांना दोष देण्याचा इथे हेतू नाही. शाळेच्या वेळेनंतर, बहुधा स्वतःचे पैसे घालून, ते हे करतात. त्यांच्याशिवाय ही स्पर्धा एक वर्षही चालणार नाही. पण मुलांकडे पाहण्याची आपली जी रीत आहे, ती या यादीत जशीच्या तशी उतरली आहे. मूल म्हणजे चेहरा. मूल म्हणजे आवाज. मुलाला काही सांगायचे असेल, आणि ते कसे सांगायचे हेही त्याला सुचत असेल, ही शक्यता यादीत धरलेलीच नाही.

याचा परिणाम विषयांवर होतो. पाण्यावरची बालनाट्ये आपल्याकडे कमी नाहीत. बहुतेकांचा शेवट मुलांनी हात उंचावून पाणी वाचवण्याची शपथ घेण्यात होतो. ही शपथ मोठ्यांनी लिहिलेली असते. मुलाला याहून बरेच अधिक माहीत असते. टँकर आला की पहिली घागर कोणाची लागते, हे त्याला माहीत असते. पाइप कोण धरतो, आणि तो धरणाऱ्याशी कोणी गोड बोलायचे, हे माहीत असते. कोणाची सून रांगेत भांडते आणि कोणाच्या घरचे कधीच रांगेत दिसत नाहीत, हेही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी होत्या. देशभरचे कॅमेरे फलाटावर होते. त्या उन्हाळ्यात दहा वर्षांची असलेली लातूरची मुले आता मोठी झाली आहेत. त्यांच्याजवळ या गाडीची गोष्ट असणार. फलाटावरची नव्हे, गल्लीतली. ती त्यांच्याकडून कोणी मागितली नाही. त्यांना बहुधा शपथ पाठ करायला दिली.

इथे राष्ट्रीय पुरस्कारांचीही यादी वाचण्यासारखी आहे. ज्या वर्षी 'पाणी'ला पुरस्कार जाहीर झाला, त्याच वर्षी 'नाळ'मधल्या श्रीनिवास पोकळे या विदर्भातल्या मुलाला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. तो चौघांत वाटला गेला होता. पुढे 'नाळ २'साठी त्याला त्याच चित्रपटातल्या इतर दोन बालकलाकारांबरोबर पुन्हा तोच सन्मान मिळाला. एकाच पोराला दोनदा. कौतुकाची गोष्ट आहे. पण दोनदा शाबासकी देऊनही आपण त्याला तोच प्रश्न विचारणार: 'पुढचा रोल कोणता?' एका यादीत १९९४ चा बालकलाकार दिग्दर्शक म्हणून उभा आहे आणि शेजारी आजचा बालकलाकार. पहिल्याला त्या जागेपर्यंत पोचवणारे घर होते. दुसऱ्यासाठी तसे काही आहे का, हे त्या यादीत कोणी लिहीत नाही.

मराठवाड्यात तर पुढचा रोल विचारण्याचीही वेळ येत नाही. आठवीपर्यंत स्टेजवर धमाल करणारे मूल नववीत गप्प होते. लातूरमध्ये याचे कारण सांगावे लागत नाही. ज्या शहराने अभ्यासाचा पॅटर्न महाराष्ट्राला दिला, तिथे दहावीच्या आधी 'आता ते नाटक-बिटक पुरे' हे वाक्य घरोघरी उच्चारले जाते. ते प्रेमापोटीच उच्चारले जाते. वैद्यकीयची जागा हाती लागणे म्हणजे काय, हे त्या आई-बापांना कळते. दिग्दर्शक होणे म्हणजे काय, याची एकही खूण त्यांना आसपास दिसत नाही. मग त्यांनी कशावर भरवसा ठेवावा?

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटकडे बोट दाखवले जाते. तिथे दिग्दर्शन आणि पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे. चांगला आहे. पण त्यासाठी आधी पदवी लागते. बाराव्या वर्षी जे मूल प्रसंगाला प्रसंग जोडू शकते, त्याने तो हात तोपर्यंत दुमडून ठेवायचा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. तिथपर्यंत पोचणारेही बारावीचा उंबरा ओलांडूनच येतात. सचिन यांना सतराव्या वर्षी जे मिळाले, ते या मुलांना विशीनंतर अर्ज भरून मागावे लागते. तोपर्यंत अनेकांनी ते मागणे सोडून दिलेले असते.

आपल्या भागातून कोणीच दिग्दर्शक झाला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. लातूरच्या बाभळगावचे रितेश देशमुख यांनी २०२२ अखेर 'वेड' दिग्दर्शित केला. तो प्रचंड चालला. त्याची मूळ गोष्ट तेलुगूतली, 'मजिली'ची. म्हणजे लातूरच्या दिग्दर्शकाने गोष्ट आंध्रातून आणली आणि मुंबईच्या दिग्दर्शकाने नांदेडातून नेली. यात कोणाची चूक नाही. कलावंताने कुठली गोष्ट घ्यावी यावर कोणी पहारा बसवू नये. पण आपल्या गावची गोष्ट आपल्याला बाहेरच्याकडून दोन तासांत पाहायला मिळते, हे चित्र समाधान मानण्यासारखे नाही. आदिनाथ यांनी ती नीट सांगितली, हे आपले नशीब. पुढच्या वेळी येणारा तेवढाच मन लावून येईल, याची हमी कोणी दिली आहे?

कोणी म्हणेल, चित्रनगरी हवी. गोरेगावला आहे, कोल्हापूरला आहे, मराठवाड्यात का नको? मागणी रास्त आहे. ती होत राहील, तिच्यावर घोषणाही होत राहतील. भूखंड, कुंपण, कमान या क्रमाने ती कधीतरी उभीही राहील. पण कमानीतून आत जाणारे मूल अभिनयाचे प्रमाणपत्र घेऊनच आत जाणार असेल, तर तिथेही ते गर्दीतच उभे राहील. चित्रीकरणाला आलेली मंडळी आजही गावातून मुले गोळा करतात. मळके शर्ट घाला म्हणतात, कॅमेऱ्याकडे बघू नका म्हणतात. चार दिवसांनी गाड्या निघून जातात.

त्यापेक्षा फार छोटे काम आधी करता येईल. स्पर्धेच्या नियमावलीत दोन पारितोषिके वाढवावीत. लेखन, पंधरा वर्षांखालील. दिग्दर्शन साहाय्य, पंधरा वर्षांखालील. प्रत्येक केंद्रावर. याला भूखंड लागत नाही. दोन रौप्यपदके लागतात. संचालनालयाला नको असेल तर नांदेड-लातूरच्या ज्या संस्था दरवर्षी बालनाट्य महोत्सव भरवतात, त्यांनी आपल्यापुरते हे सुरू करावे. 'पाणी' गाजला तेव्हा नांदेडकरांनी अभिमान व्यक्त केला होता. तो अभिमान या कामी येऊ शकतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. शिक्षकच लिहून देतील आणि मुलाचे नाव लावतील. काही ठिकाणी देतीलही. विज्ञान प्रदर्शनातले प्रकल्प कोण बनवते, हे आपण जाणतोच. त्यावर उपाय अवघड नाही. परीक्षकांनी त्या मुलाला प्रयोगानंतर मंचावर बोलवावे. शिक्षकांना खाली बसू द्यावे. मग त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात. हा प्रसंग आधी का आणला, आणि जो प्रसंग तू लिहून काढून टाकलास तो कोणता होता? ज्याने स्वतः लिहिले आहे, त्याला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच सापडते. बहुतेक वेळा काढून टाकलेल्या प्रसंगाबद्दल ते मूल थोडे रागावलेलेही असते.